जागतिक घडामोडी शिकवणारी आपल्या भागातली छोटी संस्था टिकवायची, तर मदत नेमकी कशाची करावी?

नकाशावेडी

या विषयावर धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. इथले सभासद निरनिराळ्या देशांत राहतात, म्हणून गावाचं आणि संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. प्रश्न सगळीकडे सारखाच असावा.

माझ्या परिचयाची एक छोटी स्वयंसेवी संस्था आहे. आंतरराष्ट्रीय घडामोडी सामान्य माणसांना, आणि त्यातही शाळकरी मुलांना समजतील अशा रीतीने शिकवणं हे तिचं काम. महिन्याला एक जाहीर व्याख्यान, शाळांमध्ये कार्यशाळा, शिक्षकांचं प्रशिक्षण आणि वर्षातून एकदा अभिरूप संयुक्त राष्ट्र परिषद, म्हणजे मुलांनी निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधी होऊन चर्चा करायची. पगारी माणसं मोजकी, बाकी सगळे स्वयंसेवक. इतकी वर्षं भक्कम आधार देणाऱ्या एका दात्याने आता हात आखडता घेतला आहे. संस्था लगेच बंद पडणार नाही, पण शाळांचे कार्यक्रम आधी कमी होतील असं दिसतंय. मला नेमकी तिथेच कळकळ आहे.

मी बसून पाहिलेला एक तास सांगते. आठवीचा वर्ग. कार्यकर्तीने प्रत्येक गटाला जगाचा कोरा नकाशा दिला. तुमचं मालवाहू जहाज शांघायहून रॉटरडॅमला निघालंय, वाट आखा. मुलांनी मलाक्काची सामुद्रधुनी, हिंदी महासागर, लाल समुद्र, सुएझ कालवा अशी रेघ ओढली. मग ती म्हणाली, आज तारीख २३ मार्च २०२१. 'एव्हर गिव्हन' हे ४०० मीटर लांबीचं जहाज कालव्यात आडवं होऊन रुतलंय. तुम्ही थांबणार की वळणार? वर्गात एकच कल्ला. एका गटाने खोडरबर घेऊन रेघ पुसली आणि आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून नवी ओढली. दुसरा गट त्यांच्यावर तुटून पडला: इतके दिवस जास्त, इतकं इंधन जास्त, आणि कालवा परवा मोकळा झाला तर? जहाज २९ मार्चला सुटलं, हे तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मग मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "हा कालवा आहे कुणाचा? त्यांनी मुद्दाम बंद ठेवला तर?" तिथून गाडी इजिप्तने १९५६ मध्ये केलेल्या कालव्याच्या राष्ट्रीयीकरणावर गेली. पुढे १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर कालवा १९७५ पर्यंत बंद होता आणि त्या काळात कालव्याच्या वाटेवरच्या ग्रेट बिटर सरोवरात १४ जहाजं अडकून पडली होती, हे ऐकून मुलं थक्क झाली. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कंपन्यांनी पुन्हा केपची वाट धरली, हे मुलांनी स्वतःच जोडून घेतलं. बातमी वाचायची कशी, हे त्या एका तासात त्यांच्या हाताला लागलं.

तर मला विचारायचंय ते असं. पैसे द्यायचे तर कशासाठी द्यावेत? ज्यांच्याकडे पैसे नाहीत पण वेळ आहे, त्यांनी काय करावं? आणि ज्यांना याची गरजच वाटत नाही त्यांच्याशी काय बोलावं?

वाटसरू

उत्तम विषय. तो तास डोळ्यांपुढे उभा राहिला. वाचतोय.

शंकेखोर

ताई, तुमची तळमळ पोचली. पण माझी शंका मनापासून मांडतो, राग मानू नका.

माझ्याकडे दान करायला मर्यादित रक्कम आहे. एका बाजूला आजारी माणसाचा उपचार, दुसऱ्या बाजूला मुलांना सुएझ कालवा शिकवणं. मी पहिल्याला देईन, आणि त्यात काही चूक आहे असं मला वाटत नाही. दुसरं म्हणजे, या सगळ्या विषयांवर आज हजारो व्हिडिओ फुकट आहेत. ज्याला रस आहे तो शिकतो. संस्था, कार्यालय, पगार हा सगळा पसारा कशासाठी?

खडूफळा

शंकेखोर, मी माध्यमिक शाळेत शिकवते, त्यामुळे दुसऱ्या मुद्द्याबद्दल बोलते.

आमच्याकडे संयुक्त राष्ट्रांचा धडा आहे. स्थापना २४ ऑक्टोबर १९४५, मुख्यालय न्यूयॉर्क, सदस्य १९३, सुरक्षा परिषदेत १५ जण, त्यातले ५ कायम, त्यांना नकाराधिकार. मुलं पाठ करतात, लिहितात, गुण मिळवतात. व्हिडिओ दाखवला तर हेच सगळं रंगीत दिसतं. पण नकाराधिकार म्हणजे काय हे त्यांना कळलेलं नसतं.

अशाच एका संस्थेच्या प्रशिक्षणात मी एक पद्धत शिकले. वर्गातल्या १५ जणांना १५ देश द्यायचे, बाकीची मुलं पत्रकार. ठराव मुलांनीच लिहायचा. शब्दाशब्दावर घासाघीस होते. कुणी म्हणतं "निषेध करतो" नको, "चिंता व्यक्त करतो" लिहा, तर आम्ही मत देऊ. शेवटी १४ हात वर होतात आणि एक कायम सदस्य विरोधात. ठराव पडला. वर्गात क्षणभर कुणाला खरं वाटत नाही. "बाई, चौदा विरुद्ध एक, आणि आम्ही हरलो?" तो संताप हाच माझा धडा. मग मी सांगते की तटस्थ राहिलं तर नकाराधिकार वापरला असं होत नाही, म्हणून न पटलेल्या ठरावालाही काही वेळा वाट मिळते. आणि २६ एप्रिल २०२२ पासून असा नियम आहे की कुणी नकाराधिकार वापरला, तर १० कामकाजाच्या दिवसांत आमसभेने, म्हणजे सगळ्या सदस्य देशांच्या सभेने, त्यावर चर्चेला बसायचं. तो ठराव लिश्टेनस्टाइनने पुढे आणला होता. इतक्या चिमुकल्या देशाने हे केलं हे ऐकून मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते मला कुठल्याही उत्तरपत्रिकेत दिसलेलं नाही.

व्हिडिओ माहिती देतो. समोर बसलेला मित्र ठाम विरोध करतोय आणि तरी त्याच्याशी बोलून वाट काढायची आहे, हा अनुभव तो देत नाही. त्यासाठी माणूस, खोली आणि तयारी केलेला शिक्षक लागतो. हे मला शिकवायला कुणीतरी दोन दिवस माझ्या शाळेत आलं, म्हणून दर वर्षी माझे सगळे वर्ग ते शिकतात. नकाशावेडी, तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर हेच: पैसा मर्यादित असेल तर आधी शिक्षक-प्रशिक्षणाला द्या.

पहिलाबाक

खडूफळा मॅडम, +१. असा तास आम्हाला मिळायला हवा होता.

हिशेबनीस

मी अशाच एका संस्थेचा खजिनदार होतो. खडूफळा ताईंशी मी थोडा असहमत आहे, आणि मला वाटतं हाच या धाग्याचा गाभा आहे.

"शिक्षक-प्रशिक्षणाला द्या" म्हटलं की दाता चेकसोबत पत्र देतो: ही रक्कम फक्त प्रशिक्षणासाठी. दुसरा म्हणतो, माझी फक्त व्याख्यानासाठी. तिसरा म्हणतो, माझी फक्त विद्यार्थ्यांच्या परिषदेसाठी, आणि बॅनरवर नाव हवं. प्रत्येकाचा हेतू चांगलाच असतो. पण शाळांना फोन करणारी, मुख्याध्यापकांची परवानगी मिळवणारी, नकाशांच्या प्रती काढणारी, वक्त्याचं येणं ऐनवेळी रद्द झालं तर दुसरा शोधणारी जी एक समन्वयक असते, तिचा पगार यातल्या कुणाच्याच पत्रात बसत नाही. जागेचं भाडं बसत नाही, इंटरनेट बसत नाही, हिशेब तपासणाऱ्याची फी बसत नाही. खात्यावर पैसे दिसतात आणि महिनाअखेरीला पगार निघत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग ती समन्वयक दुसरी नोकरी धरते आणि तिच्याबरोबर शाळांशी जोडलेले सगळे धागे जातात. नवी माणसं येऊन ते पुन्हा जोडेपर्यंत शाळांचं एक वर्ष वाया.

म्हणून माझं सांगणं: अट न घालता द्या. "संस्थेला योग्य वाटेल तिथे वापरा" एवढं एक वाक्य लिहून दिलेली छोटी रक्कम ही अटी घातलेल्या मोठ्या रकमेपेक्षा जास्त कामाची असते. आणि एकदम देण्यापेक्षा दर महिन्याला द्या. दर महिन्याला किती येणार हे ठाऊक असलं की पुढच्या सत्रात किती शाळा घ्यायच्या हे आज ठरवता येतं. वर्षाच्या शेवटी अचानक आलेल्या मोठ्या देणगीने आनंद होतो, पण त्या भरवशावर जूनमध्ये कुणाला शब्द देता येत नाही.

आस्थापना खर्चाचाही एक गैरसमज आहे. लोक विचारतात, "शंभरातले किती कार्यालयावर जातात?" आणि आकडा कमी असला की संस्था चांगली असं धरतात. २०१३ मध्ये अमेरिकेत संस्थांची माहिती आणि मानांकन देणाऱ्या तीन मोठ्या संस्थांनी, गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स, देणगीदारांना उद्देशून संयुक्त पत्र काढलं होतं की केवळ या टक्केवारीवरून संस्थेची पारख करू नका. ज्यांचा धंदाच संस्था पारखण्याचा, त्यांनी हे सांगावं याला वजन आहे. शिकवण्याच्या कामात माणूस हाच कार्यक्रम असतो. त्याचा पगार कार्यालयीन खर्चात टाकला की कागदावर संस्था उधळी दिसते.

आणखी एक, गंगाजळी. निदान काही महिने कुठलीही देणगी न येता काम चालेल इतका निधी बाजूला असायला हवा. नकाशावेडी, एकच मोठा दाता हटल्यावर तुमच्या संस्थेवर ही वेळ आली, याचा अर्थ तो निधी उभा राहिला नव्हता. तो उभारायला दाते सहसा तयार नसतात, कारण त्यावर कुणाच्या नावाची पाटी लागत नाही.

खडूफळा

हिशेबनीस, पटलं. आमच्या शाळेत येणाऱ्या ताई बदलल्या तेव्हा पुढचं वर्षभर कुणीच आलं नाही, त्याचं कारण आता कळलं. माझं म्हणणं बदलते: अट न घालता द्या, पण शाळांचं काम चालू आहे ना हे दर वर्षी विचारत राहा.

शंकेखोर

खडूफळा यांचा वर्गाचा मुद्दा मान्य, व्हिडिओवाली शंका मागे घेतो. उपचार विरुद्ध शिक्षण हा प्रश्न ज्याचा त्याचा राहू दे.

पण आता मोठी शंका येते. अट न घालता पैसे द्यायचे, ठीक. पण शिकवणार कुणाच्या बाजूने? आंतरराष्ट्रीय विषय म्हटला की बाजू आलीच. एखाद्या दूतावासाने, कंपनीने किंवा पक्षाने पैसे दिले की भाषा बदलते. माझ्या मुलांपुढे कुणाचा तरी प्रचार "जागतिक भान" म्हणून वाढला जाणार असेल तर मी एक पैसा देणार नाही.

दूरदेशी

शंकेखोर, ही शंका रास्त आहे आणि तिला इतिहास आहे. मी अमेरिकेत राहते, इथलं सांगते.

इथे बऱ्याच शहरांत 'वर्ल्ड अफेअर्स कौन्सिल' नावाच्या स्थानिक संस्था आहेत. प्रत्येक स्वतंत्र, सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चालणारी. त्यांच्या जोडीने 'ग्रेट डिसिजन्स' हा चर्चा-उपक्रम चालतो. १९५४ मध्ये ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला तो सुरू झाला आणि तो चालवणारी फॉरेन पॉलिसी असोसिएशन त्याहून जुनी, १९१८ ची. वर्षाचे आठ विषय ठरतात, सगळे एकच टिपण वाचून येतात आणि ग्रंथालयात, कुणाच्या घरी, प्रार्थनास्थळाच्या सभागृहात चर्चा करतात. मी अशा एका गटात आहे. गटात परस्परविरोधी पक्षांना मत देणारे लोक आहेत. चर्चा चालवणाऱ्याने स्वतःचं मत सांगायचं नाही, हा आमचा अलिखित नियम. तो पाळला गेला म्हणूनच गट टिकला.

आता दुसरी बाजू. २०१४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने, परदेशी सरकारं वॉशिंग्टनमधल्या नामवंत अभ्याससंस्थांना पैसे पुरवतात, अशी सविस्तर बातमी दिली होती. त्यावर इथे मोठं वादळ झालं. चिनी भाषा आणि संस्कृती शिकवणाऱ्या, चीनच्या पैशातून चालणाऱ्या कन्फ्यूशियस संस्था इथल्या विद्यापीठांत एके काळी शंभरच्या आसपास होत्या. स्वातंत्र्याबद्दल प्रश्न उठत गेले आणि २०२३ पर्यंत पाचपेक्षाही कमी उरल्या. पैसा कुठून येतो हे महत्त्वाचंच आहे.

पण यातून निघणारा निष्कर्ष माझ्या मते उलटा आहे. मोठ्या दात्याचं दडपण तेव्हाच चालतं, जेव्हा तो गेला की संस्था बसते. शंभर लोक थोडं थोडं देत असतील, तर त्यातल्या कुणा एकाच्या रागाची भीती संस्थेला राहत नाही. तुम्हाला निष्पक्षता हवी असेल तर तुमच्यासारख्या संशयी माणसाने वर्गणीदार व्हायला हवं. वार्षिक सभेला जा, देणगीदारांची यादी मागा, आणि ती उघड करायला संस्था का-कू करत असेल तर तिथल्या तिथे थांबा.

खडूफळा

दूरदेशी यांच्या म्हणण्याला वर्गातलं उदाहरण जोडते. नकाराधिकार शिकवताना मी एकाच देशाचं उदाहरण कधीच घेत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुदानमधल्या युद्धावरचा ठराव आला: १४ बाजूने, रशिया विरोधात, ठराव पडला. जून २०२५ मध्ये गाझातल्या युद्धबंदीचा ठराव आला: १४ बाजूने, अमेरिका विरोधात, ठराव पडला. दोन्ही मतमोजण्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते आणि विचारते, यात सारखं काय आणि वेगळं काय? घरात ज्याला जी बाजू ऐकायची सवय असते, त्याला दुसरं उदाहरण टोचतं. टोचलं की तो विचार करू लागतो.

संस्थेची परीक्षा घ्यायची असेल तर त्यांच्या वर्षभराच्या कार्यक्रमांची यादी काढा. वक्ते सगळे एकाच सुरातले आहेत का? दोन शत्रू देशांबद्दल बोलायला दोन्हीकडचं जाणणारी माणसं आली का? ही यादी अहवालातल्या ध्येयधोरणांपेक्षा जास्त सांगते.

निवांत

उशिरा येतोय. मी व्यापारी नौदलात होतो, आता निवृत्त. वर सुएझचा तास वाचून राहवलं नाही.

त्या कालव्यातून मी अनेकदा गेलोय. जहाजं एकामागोमाग एक ताफ्याने सोडतात. कालव्याचे पायलट जहाजावर चढतात, पण जबाबदारी कप्तानाचीच राहते. दोन्ही बाजूंना वाळू इतकी जवळ, की एवढ्या मोठ्या जहाजाच्या सुकाणूकक्षात उभं राहून पाहताना आपण पाण्यावर आहोत यावर विश्वास बसत नाही. वर रचलेल्या कंटेनरांच्या भिंतीवर आडवा वारा आदळला की जहाज शिडासारखं ढकललं जातं. हे मी मुलांना सांगू शकतो. मला आजवर कुणी विचारलं नाही, आणि मीही कुणाकडे गेलो नाही.

नकाशावेडी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे. प्रत्येक गावात जग पाहिलेली माणसं गपचूप बसलेली असतात. परदेशी रुग्णालयात काम केलेली परिचारिका. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जाऊन आलेला जवान. मालाची आयात-निर्यात करणारा, ज्याला एखाद्या बंदरातला संप दुसऱ्या दिवशी खिशात जाणवतो. युद्धामुळे देश सोडून आलेलं कुटुंब, अर्थात त्यांची इच्छा असेल तर. संस्थेला नामवंत वक्ता बोलवायला प्रवास, मुक्काम सगळा खर्च येतो. ही माणसं चालत येतील. फक्त त्यांची यादी करणारा आणि त्यांना फोन करणारा कुणीतरी हवा. ते काम मी करीन.

आणखी एक आठवण करून देतो. भारतात १९४३ साली इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स स्थापन झाली ती बिनसरकारी संस्था म्हणून. पहिले अध्यक्ष सर तेज बहादूर सप्रू. गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले हृदयनाथ कुंझरू पुढे तिचे बरीच वर्षं अध्यक्ष होते. देश अजून स्वतंत्र झाला नव्हता तेव्हा, मार्च-एप्रिल १९४७ मध्ये, दिल्लीच्या पुराना किल्ल्यात आशियाई संबंध परिषद भरली. तिची यजमान ही संस्था होती. अध्यक्षस्थानी सरोजिनी नायडू. पुढे २००१ च्या कायद्याने ती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झाली, पण सुरुवात नागरिकांनी केली होती. स्वतःचं परराष्ट्र धोरणही हातात नसलेल्या देशात लोकांना हे काम तातडीचं वाटलं. आज ते चैनीचं का वाटावं?

नकाशावेडी

निवांत काका, तुमचा प्रतिसाद वाचून फार आनंद झाला. तुम्ही जिथे असाल तिथल्या संस्थेचं भाग्य.

पहिलाबाक

मी महाविद्यालयात आहे. शाळेत असताना अभिरूप संयुक्त राष्ट्र परिषदेत भाग घेतला होता, त्याबद्दल एक तक्रार आणि एक गोष्ट.

तक्रार अशी, की या परिषदा हळूहळू ठरावीक शाळांच्या होत चालल्या आहेत. प्रवेश शुल्क जास्त, सूट-बूट हवा, आणि फाडफाड इंग्रजी येणाऱ्यालाच बक्षीस. माझ्या वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा शुल्क आणि भाषा या दोन कारणांनी आलाच नाही. संस्थेला मदत करणाऱ्यांनी हे जरूर विचारावं: किती मुलांना शुल्क माफ आहे? एखादी समिती मातृभाषेतून चालते का? ज्यांना संधी आपोआप मिळतेच त्यांच्यासाठी अशा संस्थेची फारशी गरज नाही.

गोष्ट अशी. मला वानुआतू हा पॅसिफिक महासागरातला छोट्या बेटांचा देश मिळाला. नाव ऐकून मी हिरमुसलो होतो, शेजारच्याला फ्रान्स मिळाला होता. शोधायला लागलो तर कळलं की २०१९ मध्ये साउथ पॅसिफिक विद्यापीठातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ठरवलं होतं, की हवामानबदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारायला लावायचं. वर्गातल्या अभ्यासातून सुरू झालेली ती मोहीम वानुआतू सरकारने उचलली. मार्च २०२३ मध्ये आमसभेने एकमताने ठराव केला आणि २३ जुलै २०२५ ला न्यायालयाने आपलं सल्लात्मक मत दिलं: हवामानाचं रक्षण करणं ही राज्यांची कायदेशीर बांधिलकी आहे. ते विद्यार्थी तेव्हा माझ्यापेक्षा फार मोठे नव्हते. मी कायदा शिकायला घेतला, त्याचं हे कारण.

वाटसरू

पहिलाबाक, हा प्रतिसाद जपून ठेवतोय. माझी मुलगी दहावीत आहे, तिला वाचायला देईन.

शंकेखोर

हे सगळं वाचून माझा विरोध बराच मावळला. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. उपयोग झाला हे मोजायचं कसं? आणि मुलांना रोज युद्धं, निर्वासित, हवामान हे शिकवून ती निराश होत नाहीत का? माझी धाकटी बातम्या लागल्या की खोलीतून उठून जाते.

खडूफळा

आधी दुसरं. होतात, निराश होतात. म्हणून जमलेल्या गोष्टीही तितक्याच बारकाईने शिकवाव्या लागतात. माझा आवडता धडा ओझोनचा आहे. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या विवराचा शोध प्रसिद्ध झाला, १९८७ मध्ये ओझोनला मारक रसायनं आटोक्यात आणणारा मॉन्ट्रियल करार झाला, आणि पुढे जगातल्या एकूण एक देशाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. थर हळूहळू भरून येतोय. दुसरा धडा देवीच्या रोगाचा. शीतयुद्ध भरात असताना अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी त्या एका कामात हात मिळवला, आणि १९८० मध्ये रोग संपल्याची घोषणा झाली. मुलांना मी विचारते, हे का जमलं आणि बाकीचं का जमत नाही? त्या प्रश्नात निराशेला फार जागा उरत नाही. काम करायला लागतात पोरं.

मोजण्याबद्दल: परीक्षेचे गुण नकोत. कार्यशाळेच्या आधी एक बातमी वाचायला द्यायची आणि तीन प्रश्न लिहायला सांगायचे. काही आठवड्यांनी तशीच दुसरी बातमी, पुन्हा तीन प्रश्न. आधी येतं "किती माणसं मेली?", "कोण जिंकलं?" नंतर येतं "हे सांगणारा कोण?", "दुसऱ्या बाजूचं म्हणणं काय?", "याआधी असं झालं तेव्हा काय केलं होतं?" ते कागद सांभाळून ठेवायचे. संस्थेकडे असे कागद असतील तर दात्यांपुढे तेच ठेवा. टाळ्यांचे फोटो दाखवून काही कळत नाही.

शंकेखोर

हे कागद मला बघायला आवडतील. आमच्या इथे अशी संस्था आहे का ते शोधतो, आणि दूरदेशी म्हणतात तशी देणगीदारांची यादी आधी मागतो.

नकाशावेडी

सगळ्यांचे आभार. मी संस्थेच्या समन्वयकाशी बोलून आले. हिशेबनीस, तुमचं निदान बरोबर निघालं. गंगाजळी नाही, आणि तिचा स्वतःचा पगार दोन वेगवेगळ्या बांधील देणग्यांमधून तुकड्यातुकड्याने निघतो. आम्ही काही मैत्रिणी मिळून दर महिन्याची, बिनअटीची वर्गणी सुरू करतोय. शाळांच्या प्रशिक्षणाला प्राधान्य द्यावं अशी विनंती केलीय. ती अट ठेवलेली नाही. शुल्कमाफीचा मुद्दाही काढला. परिषदेची एक समिती मातृभाषेतून घ्यायला ती एका पायावर तयार आहे, पण त्यासाठी ठरावांचे मसुदे आणि कामकाजाचे नियम आपल्या भाषेत कुणीतरी लिहून द्यायला हवेत. इथे कुणी करील का? हे घरबसल्या, कुठल्याही देशातून होण्यासारखं आहे.

पहिलाबाक

मी करतो. कामकाजाचे नियम आधी घेतो, ते थोडके असतात. ठरावांसाठी अजून एक जण हवा.

दूरदेशी

ठराव माझ्याकडे. पहिलाबाक, "निषेध करतो", "खेद व्यक्त करतो", "आवाहन करतो" अशा ठरावीक क्रियापदांची यादी आधी एकत्र ठरवू, म्हणजे सगळ्या मसुद्यांत एकसारखी राहतील. व्यक्तिगत निरोप पाठवते.

हिशेबनीस

नकाशावेडी, वर्गणी सुरू करताना बँकेला कायमची सूचना देऊन ठेवा, पगार जमा होतो त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची. आठवणीने द्यायचं ठरवलं की चार महिन्यांत अर्धे लोक गळतात, हेतू चांगला असूनही. करसवलतीचे नियम प्रत्येक देशात वेगळे, तेव्हा पावती पहिल्या महिन्यापासून मागून घ्या. आणि मागच्या वर्षाचा तपासलेला ताळेबंद मागा. तो त्यांनी आनंदाने दिला तर गंगाजळी कशी उभारायची याचा एक साधा आराखडा मी लिहून देतो.